पत्ता नसलेला शेजारी

१ जानेवारी २०२५ पासून इंदूर शहरात भीक देणाऱ्यावरही गुन्हा नोंदवला जाईल, असा आदेश जिल्हा प्रशासनाने काढला. त्याच महिन्यात एका मंदिराबाहेर दहा रुपये देणाऱ्या अनोळखी माणसावर गुन्हा दाखल झाल्याची बातमी आली. फेब्रुवारीत भोपाळनेही तसाच आदेश काढला. त्याच्या दोन वर्षे आधी, मार्च २०२३ मध्ये, आपल्या नागपुरात जी-२० परिषदेच्या निमित्ताने पाहुणे येणार होते. तेव्हा पोलिसांनी कलम १४४ लावून चौकाचौकांतून भीक मागण्याला बंदी केली होती. कलम १४४ हे दंगलीच्या दिवसांत ऐकायची आपल्याला सवय. रस्त्यावर हात पसरणाऱ्या म्हातारीसाठीही ते वापरता येते, हे तेव्हा कळले.

रमजान हा देण्याचा महिना. जकात, सदका, फितरा हे शब्द आता आपल्या शहरातल्या बिगरमुस्लिम वाचकांनाही परके राहिलेले नाहीत. इफ्तारच्या वेळी मशिदीच्या दाराशी जी रांग लागते, ती सगळ्यांनी पाहिलेली असते. अशा महिन्यात ‘देणे हाच गुन्हा’ ही बातमी वाचून राग येणे साहजिक आहे, आणि या आदेशांवर धार्मिक अंगाने बरीच टीका झालीही. माझा मुद्दा थोडा वेगळा आहे. प्रशासनाने दिलेले कारण अगदीच खोटे नाही. चौकात हातावर ठेवलेल्या नाण्याने कुणाचे आयुष्य बदलत नाही, हे त्यांचे म्हणणे खरे आहे. प्रश्न एवढाच की नाणे बंद केल्यावर त्या जागी काय येणार? नागपुरात पाहुणे आले आणि गेले. ज्यांना चौकातून हलवले त्यांना घर मिळाले, असे काही ऐकिवात आले नाही.

मुळात आपला कायदाच बेघर आणि भिकारी यांत फरक करत नाही. १९५९ चा मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा काढून बघा. त्यातली भीक मागण्याची व्याख्या हात पसरण्यापुरती नाही. गाणे म्हणून, कसरत करून, हात बघून पैसे घेणे हेही त्यात येते. आणि ज्याच्याकडे उदरनिर्वाहाचे दिसण्यासारखे साधन नाही आणि जो सार्वजनिक जागी अशा अवस्थेत भटकतो की तो भिकेवर जगत असावा असे वाटेल, तोही त्यात येतो. म्हणजे मळके कपडे आणि रात्री झोपायला फलाट, एवढे पुरे. पोलिसाला वॉरंट लागत नाही. पहिल्यांदा दोषी ठरल्यास एक ते तीन वर्षे भिक्षेकरी गृहात, आणि पुन्हा पुन्हा सापडल्यास दहा वर्षांपर्यंत. दिल्ली उच्च न्यायालयाने ८ ऑगस्ट २०१८ रोजी या कायद्यातल्या अनेक तरतुदी दिल्लीपुरत्या घटनाबाह्य ठरवल्या. जगायचे दुसरे साधनच उरले नाही म्हणून जो भीक मागतो त्याला गुन्हेगार ठरवणे म्हणजे त्याच्या गरिबीलाच शिक्षा करणे, असा त्या निकालाचा आशय. पण कायदा ज्या मुंबईच्या नावाचा, त्या मुंबईच्या राज्यात तो अजून आहे.

२०११ च्या जनगणनेत देशभरात १७ लाख ७३ हजार बेघर मोजले गेले. महाराष्ट्रात सुमारे दोन लाख दहा हजार. यातली एक गोष्ट नीट बघण्यासारखी आहे. २००१ ते २०११ या दहा वर्षांत खेड्यांतले बेघर कमी झाले, शहरांतले मात्र ७ लाख ७८ हजारांवरून ९ लाख ३८ हजारांवर गेले. म्हणजे माणसे गावातून निघाली आणि शहराच्या फुटपाथवर येऊन थांबली. शिवाय हा आकडा एका रात्रीचा आहे. २८ फेब्रुवारी २०११ च्या रात्री प्रगणक टॉर्च घेऊन पुलाखाली, फलाटावर, देवळांच्या ओवऱ्यांत फिरले आणि जे दिसले ते मोजले. बंद दुकानाच्या आडोशाला, ट्रकखाली किंवा बांधकामावर झोपलेले किती सुटले असतील, याचा अंदाज ज्याने त्याने करावा.

न्यायालयाने काहीच केले नाही असेही नाही. १९८१ च्या पावसाळ्यात मुंबईतल्या फुटपाथवरच्या लोकांना हुसकावून शहराबाहेर पाठवण्याचा निर्णय राज्य सरकारने घेतला. त्यातून जे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, त्याचा निकाल १९८५ मध्ये लागला. ऑल्गा टेलिस खटला म्हणून तो कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतो. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, हे न्यायालयाने त्यात मान्य केले. फुटपाथ मात्र राहण्यासाठी नसतो, असेही सांगितले आणि पावसाळा संपल्यावर हटवायला परवानगी दिली. पुढे डिसेंबर २००९ मध्ये, कडाक्याच्या थंडीत, दिल्लीत पुसा रोडवरचा तात्पुरता निवारा महापालिकेने पाडला. त्यानंतर जानेवारी २०१० पासून सर्वोच्च न्यायालयाचे एकामागून एक आदेश आले. त्यातून आणि नंतरच्या शहरी उपजीविका अभियानातून एक निकष ठरला. शहराच्या दर एक लाख लोकसंख्येमागे किमान शंभर माणसांसाठी कायमचा निवारा हवा, तो चोवीस तास उघडा हवा, आणि माणशी किमान पन्नास चौरस फूट जागा हवी. हिशेब सोपा आहे. पाच लाखांच्या शहरात पाचशे जणांची सोय पाहिजे. आपल्या शहरात किती आहे, हे पुढच्या वेळी नगरसेवक भेटतील तेव्हा विचारून बघा. बरेचदा उत्तराऐवजी प्रतिप्रश्न येतो, “कशाला? तुमच्या ओळखीचे कुणी आहे का?”

हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. खरेच, आपल्या ओळखीचे कुणी आहे का?

आमच्या कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांना घेऊन दोन-तीन हिवाळे रात्री एस.टी. स्टँड आणि स्टेशनच्या परिसरात फिरलो आहे. ब्लँकेट वाटायला गेलो होतो, दुसरे काय! मुलांना पहिला धक्का बसला तो असा की निम्म्याहून जास्त माणसे भीक मागणारी नव्हतीच. कुणी हमाल, कुणी लग्नाच्या हंगामात केटरिंगवाल्याकडे भांडी घासणारा, कुणी भंगार वेचणारी, कुणी हॉटेलात पहाटे चारला कामाला लागणारा. दिवसाला काही मिळवत होते. खोलीचे डिपॉझिट भरण्याइतके मात्र एका वेळी कधीच हातात येत नव्हते. दुसरा धक्का निवाऱ्याबद्दल. “तिकडे का जात नाही?” असे विचारल्यावर एकाने सांगितले की पहाटेचे काम इथे मिळते, तिकडून चालत येईपर्यंत मुकादम दुसऱ्याला घेऊन जातो. एका बाईचे उत्तर आणखी साधे होते. निवाऱ्यात बायका वेगळ्या आणि पुरुष वेगळे. तिचा मुलगा सोळा वर्षांचा, थोडा मंद. तो पुरुषांकडे एकटा राहणार नाही, म्हणून ती दोघे स्टँडवरच. एक म्हातारे बाबा आमच्याकडून ब्लँकेट घ्यायला तयार नव्हते. म्हणाले, “सर, हे रात्रीत चोरीला जाईल आणि चोरताना मला मारतील. त्यापेक्षा तुमचा नंबर द्या.” नंबर कशाला? तर दवाखान्यात केसपेपर काढताना नंबर मागतात, आधार दुरुस्त करायला गेले की ओटीपी येतो, आणि त्यांच्याकडचा फोन कधीच गेलेला.

आमच्यासोबत निवृत्त झालेले एक कारकून होते. त्यांनी आपला नंबर त्या बाबांना कागदावर लिहून दिला. पुढचे वर्षभर ते बाबांसोबत कधी सरकारी दवाखान्यात, कधी बँकेत गेले. फार नाही, महिन्यातून एखादा दिवस. ब्लँकेटचा खर्च दोनशे रुपये होता. या गोष्टीचा खर्च म्हणजे वेळ, आणि काउंटरवरच्या माणसाने “हे तुमचे कोण?” असे विचारल्यावर उत्तर द्यायची तयारी.

बेघर माणसाची खरी अडचण इथे आहे. त्याला पत्ता नाही, म्हणून तो कागदावर नाही, आणि कागदावर नाही म्हणून त्याच्यासाठी असलेली योजनाही त्याच्यापर्यंत येत नाही. कायद्यात काही ठिकाणी वाट ठेवलेली आहे, हे मात्र फार कमी लोकांना ठाऊक असते. मतदार यादीचेच बघा. बेघर माणसाने नमुना ६ भरला, तर त्याच्याकडे पत्त्याचा पुरावा मागायचा नसतो. तो जिथे झोपतो ती जागा अर्जात लिहायची. मग मतदान केंद्राचा अधिकारी रात्री तिथे जातो, एकापेक्षा जास्त रात्री जातो, आणि तो माणूस तिथे खरेच झोपतो की नाही हे बघतो. दिसला, तर नाव नोंदवायचे. पुलाखालची जागाही पत्ता होऊ शकते, हे निवडणूक आयोगाने मान्य केले आहे. पण हा अर्ज भरून देणारा, अधिकाऱ्याला दोनदा आठवण करणारा आणि “हो, हा इथेच असतो” असे सांगणारा कुणीतरी लागतो. तो कुणीतरी म्हणजे ज्याला स्वतःचा पत्ता आहे असा माणूस.

आता आपल्या, म्हणजे मुसलमानांच्या, रमजानच्या देण्याकडे वळतो. थोडे कडू बोलणार आहे. या महिन्यात आपल्या मोहल्ल्यांतून जेवढा पैसा फिरतो तेवढा वर्षभरात फिरत नाही. तो जातो कुठे? नातेवाईकांत, मदरशांत, मोहल्ल्यातल्या बेवा आणि यतीम मुलांच्या यादीत, आणि उरलेला मशिदीच्या दाराशी आलेल्या साइलांना. यात चूक काही नाही. नातेवाईक आणि शेजारी यांचा हक्क पहिला, हे आपल्याला शिकवलेलेच आहे. पण ज्याला नातेवाईक उरले नाहीत आणि ज्याला मोहल्लाच नाही, तो यातल्या कोणत्या यादीत बसतो? जकात कुणाला द्यावी याचे कुरआनने आठ प्रकार सांगितले आहेत. त्यांत फकीर आहे, मिस्कीन आहे आणि वाटेवर अडकलेला मुसाफिरही आहे. फलाटावर तीन वर्षे मुक्काम पडलेला माणूस हा वाटेवर अडकलेलाच नव्हे तर कोण? फितरा ईदच्या नमाजाआधी द्यायचा असतो, कारण गरिबालाही ईदच्या दिवशी घरात चूल पेटवता यावी. ज्याला चूल ठेवायला जागा नाही, त्याला गव्हाच्या किमतीएवढे पैसे देऊन आपण मोकळे होतो. मोकळे होतो, हाच शब्द बरोबर आहे.

मदिनेत मस्जिद-ए-नबवीच्या मागच्या बाजूला खजुरीच्या झावळ्यांनी शाकारलेला एक चबुतरा होता. त्याला सुफ्फा म्हणत. घरदार, नातीगोती नसलेले लोक तिथे राहत. कधी थोडे असत, कधी पुष्कळ. हजरत अबू हुरैरा त्यांच्यापैकीच एक. मदिनेतल्या बेघरांचा निवारा मशिदीला लागून होता, हे आपण मिलादच्या भाषणांत अभिमानाने सांगतो. त्यातला पुढचा भाग मात्र लवकर उरकतो. संध्याकाळ झाली की पैगंबर (स.) त्यांच्यातल्या एकेका-दोघादोघांना आपल्या साथीदारांसोबत त्यांच्या घरी जेवायला पाठवत आणि काहींना स्वतःसोबत नेत. पाकिटे वाटण्याची ही व्यवस्था नव्हती. दस्तरखानावर बसवून जेवू घालायचे होते. जेवताना माणूस आपले नाव, गाव, दुखणे सांगतो. आज आपल्या बहुतेक मशिदींना नमाज आटोपली की कुलूप लागते. चोऱ्या होतात, हे कारण मला ठाऊक आहे, आणि मंदिरे-चर्चमध्येही तेच चित्र आहे. पण रस्त्यावरच्या माणसाला दिवसातून सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो, हे त्याला विचारा. आंघोळ आणि शौचालय. स्टँडवरच्या शौचालयाला पैसे पडतात, आणि बाई असेल तर पैशांसोबत भीतीही. वुजूखान्याचा नळ आणि मागचे स्वच्छतागृह ठरावीक तास उघडे ठेवले, एक माणूस देखरेखीला बसवला, तर ते कोणत्याही इफ्तार पार्टीपेक्षा स्वस्त पडेल.

रस्त्यावरच्या माणसांतला एक वर्ग असा आहे की तिथे नंबर देऊन भागत नाही. केसांच्या जटा, अंगावर चिंध्या, स्वतःशीच बोलणे. आपण त्याला ‘वेडा’ म्हणून रस्ता ओलांडतो, किंवा ‘मजजूब’ म्हणून हात जोडतो. दोन्ही वागण्यांत त्याला उपचार मिळत नाहीत. डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी या मानसोपचारतज्ज्ञ जोडप्याने मुंबईत एका तरुणाला करवंटीने गटाराचे पाणी पिताना पाहिले, आणि त्याला उचलून आपल्या दवाखान्यात आणले. उपचारांनंतर तो तरुण शिकलेला आणि चांगल्या घरचा निघाला. तिथून सुरू झालेल्या श्रद्धा फाउंडेशनचे कर्जतजवळचे केंद्र रस्त्यावरच्या अशा रुग्णांना बरे करून देशभर त्यांच्या घरी पोहोचवते. २०१८ मध्ये डॉ. वाटवानींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. अहिल्यानगरजवळ डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे यांनी अशा बेवारस स्त्रियांसाठी उभे केलेले कामही आपल्यापैकी अनेकांनी ऐकले असेल. ही कामे मोठी आहेत, सगळ्यांना जमणारी नाहीत. पण सगळ्यांना जमेल असे एक आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम १०० सांगते की मानसिक आजार असल्यासारखी दिसणारी आणि स्वतःची काळजी घेऊ न शकणारी व्यक्ती हद्दीत भटकताना आढळली, तर तिला संरक्षणात घेणे हे ठाण्याच्या प्रमुखाचे कर्तव्य आहे. चोवीस तासांच्या आत तिला सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचे, कोठडीत टाकायचे नाही, आणि ती बेघर असेल तर हरवलेली व्यक्ती म्हणून नोंद करून तिच्या घरच्यांचा शोध घ्यायचा. ठाण्यात फोन करणाऱ्याला हे कलम तोंडपाठ असेल, तर समोरच्याचा आवाज बदलतो. अनुभव आहे.

आता दुसरी बाजू. टोळ्या आहेत, व्यसने आहेत, मुलांना भाड्याने आणून सिग्नलवर उभे केले जाते, हे सगळे वाचक मला पत्राने कळवतीलच, तेव्हा आधीच मान्य करतो. लहान मुलाच्या हातावर मीही पैसे ठेवत नाही. त्यासाठी १०९८ हा चाइल्डलाइनचा नंबर आहे, तो लावतो. दारूबद्दल एवढेच म्हणेन की उघड्यावर, डासांत आणि भीतीत झोपणाऱ्याच्या दारूवर बोलताना आपण आपल्या पंख्याखाली बसलेलो असतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये बेघरांच्याच निवाऱ्याच्या सुनावणीत सर्वोच्च न्यायालयाच्या खंडपीठाने असा सवाल केला की फुकट धान्य आणि पैसे देऊन आपण बांडगुळांचा वर्ग तर तयार करत नाही ना. याच न्यायालयाच्या दुसऱ्या खंडपीठाने जुलै २०२१ मध्ये, भिकाऱ्यांना रस्त्यावरून हटवण्याच्या मागणीवर, हा गरिबीचा प्रश्न आहे आणि त्याकडे उच्चभ्रू नजरेने बघणार नाही, असे सांगितले होते. न्यायमूर्तींचीही मते इतकी वेगळी असू शकतात, तर आपल्या चहाच्या टपरीवर वाद झाला तर नवल नाही. मला एवढेच दिसते की मुकादमाची वाट बघत पहाटे चारला उठणाऱ्या माणसाला बांडगूळ म्हणता येत नाही. आणि निवाऱ्याची मागणी म्हणजे फुकट पैशांची मागणीही नव्हे.

व्यक्तीच्या दयेने पालिकेचे काम होत नाही, हेही खरे. त्या कारकुनाने एका बाबांना सांभाळले, पाचशे जणांना कोण सांभाळणार? पण मी पाहिले आहे की निवाऱ्याचा प्रश्न पालिकेत नेटाने लावून धरतो तोच, ज्याच्या ओळखीचा एक तरी माणूस रस्त्यावर असतो. बाकीच्यांना तो ‘सौंदर्यीकरणाचा’ विषय वाटतो. गाडगेबाबांनी धर्मशाळा बांधल्या. दादरच्या धर्मशाळेत आजही मुंबईत उपचारांसाठी आलेले कर्करुग्ण आणि त्यांचे नातेवाईक राहतात. पण स्वतः बाबा आयुष्यभर झाडाखाली, रस्त्याच्या कडेला झोपले. बेघरांना आसरा हे त्यांच्या दशसूत्रीत आहे. ती सूत्री आपल्या मंत्रालयाच्या भिंतीवरही एकेकाळी लागली होती.

देशाची पुढची जनगणना आता समोर आहे. तिची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे. बेघरांच्या मोजणीची २०११ ची पद्धत कायम राहिली, तर फेब्रुवारीच्या शेवटच्या रात्री प्रगणक पुन्हा टॉर्च घेऊन निघतील. चंद्राच्या हिशेबाने तेव्हाही रमजानच चालू असेल. तरावीह आटोपून लोक रस्त्यावर असतात, चहाच्या टपऱ्या उघड्या असतात, सहरीपर्यंत मोहल्ला जागा असतो. प्रगणक बहुधा शाळेचे मास्तर असतील, परक्या वॉर्डातले. कोणत्या पुलाखाली कोण झोपते, ती बाई आणि तिचा मुलगा हल्ली कुठल्या फलाटावर असतात, भंगारवाल्याच्या हातगाडीमागे कोण असते, हे त्यांना माहीत असणार नाही. आपल्यापैकी किती जणांना ते सांगता येईल, हे ठरवायला अजून वर्षभर आहे.